एक रापी, चॉकलेटची चांदी आणि फोटोच्या निगेटिव्ह: लाकूडतोड्या लाऊरी रापालाच्या नकली माशाची गोष्ट

ऑगस्ट 1962. मर्लिन मन्रो गेल्याची बातमी येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. अमेरिकेतल्या लाईफ साप्ताहिकाचा 17 ऑगस्टचा अंक बाजारात आला आणि त्याच्या मुखपृष्ठावर मर्लिन होती. मग काय, अंकावर उड्या पडल्या. एरवी ते साप्ताहिक हातात न धरणाऱ्यांनीही तो विकत घेतला.

लोक मर्लिनसाठी पानं उलटत होते आणि उलटता उलटता आतल्या एका लेखावर थांबत होते. लेख होता एका लाकडी माशाबद्दल. बोटभर लांबीचा, हातानं कोरलेला, पोटाखाली गळ लावलेला नकली मासा. तो फिनलंड नावाच्या थंडगार देशातून आला होता आणि तळ्यातल्या खऱ्या माशांना म्हणे त्याचा मोह आवरत नव्हता.

त्यानंतर अमेरिकेत हा मासा विकणाऱ्या दोघांकडे पत्रांचा असा पाऊस पडला की पोस्टाच्या गोण्या कुठं ठेवायच्या हा प्रश्न आला. मागणी 30 लाख नगांवर गेली, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. आणि तिकडं फिनलंडमध्ये माल बनवणारे होते एक बाप, त्याची मुलं आणि एक छोटा कारखाना.

त्या बापाचं नाव लाऊरी रापाला. तो ना इंजिनिअर होता ना व्यापारी. हिवाळ्यात झाडं तोडायची आणि उन्हाळ्यात मासे धरायचे, हा त्याचा धंदा. आज त्याचं आडनाव जगातल्या सुमारे 140 देशांत विकलं जातं. ते कसं झालं, ते बघू.

आधी आमिषाचा विषय समजून घ्या

गळानं मासे धरायचे म्हणजे आमिष लागतं. आपल्याकडं गांडूळ, कोळंबी, कणकेची गोळी, असं काहीही लावतात. पण जिवंत आमिषाची अडचण अशी की ते आधी पकडावं लागतं, जिवंत ठेवावं लागतं आणि एकदा माशानं खाल्लं की पुन्हा नवीन लावावं लागतं.

म्हणून माणसानं फार पूर्वीच नकली आमिषं बनवायला घेतली. त्यात दोन मोठे प्रकार. पहिला म्हणजे फ्लाय. गळाभोवती पिसं, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा. इंग्लंडमध्ये 1496 साली गळाच्या मासेमारीवर एक पुस्तिका छापली गेली, त्यात अशा 12 फ्लाय कशा बांधायच्या ते दिलेलं आहे. म्हणजे ही कला 500 वर्षांहून जुनी.

दुसरा प्रकार म्हणजे लूर. लाकूड किंवा धातूपासून केलेला खोटा मासा किंवा बेडूक. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जेम्स हेडननं 1890 च्या दशकात लाकडाची आमिषं कोरली आणि पुढं त्याचा कारखानाच झाला.

म्हणजे लाकडी मासा ही कल्पना काही लाऊरीची नव्हती. त्याची गोष्ट वेगळी आहे. त्यानं माशाच्या दिसण्याकडं बघितलंच, पण त्याहून जास्त बघितलं त्याच्या चालीकडं.

आडनाव मिळालं तेही चुकून

लाऊरीचा जन्म 1905 चा. गाव फिनलंडमधलं सिस्मा. फिनलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. लाऊरी 12 वर्षांचा असताना, 1917 मध्ये तो देश स्वतंत्र झाला.

लाऊरीच्या आईचं नाव मारी सारिनेन. म्हणजे खरं तर हा लाऊरी सारिनेन. पण तो लहान असतानाच माय-लेक सिस्मा सोडून जवळच्या असिक्काला भागात राहायला आले. तिथल्या चर्चच्या वहीत नव्या माणसांची नोंद करायची होती. पाद्र्याला बाईचं आडनाव काही आठवेना. मग त्यानं ते ज्या वाडीवरून आले होते, तिचंच नाव लिहून टाकलं. वाडीचं नाव होतं रापाला.

सरकारी कागदावर नाव चुकलं की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. इथंही तेच झालं. जे लिहिलं ते कायमचं चिकटलं आणि लाऊरी सारिनेनचा लाऊरी रापाला झाला.

घरात पैसा नव्हता, जमीन नव्हती. शाळेपेक्षा कामाची ओळख आधी झाली. 1928 मध्ये त्याचं एल्माशी लग्न झालं. हळूहळू मुलंबाळं झाली, खाणारी तोंडं वाढली. त्यात 1929 नंतर जगभर मंदी आली. लाकूड आणि कागद यांवर जगणाऱ्या फिनलंडला तिची झळ चांगलीच बसली. लाऊरी मिळेल ते काम करायचा. थंडीत जंगलात लाकूडतोड, मध्येच कधी कारखान्यात मजुरी आणि बर्फ वितळला की तळ्यावर मासेमारी.

एका दोरीला हजार गळ

फिनलंडमध्ये लहानमोठी मिळून 1 लाख 80 हजारांहून जास्त तळी आहेत. त्यातलं पॅइयॅन्ने हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं तळं. लांबी सुमारे 120 किलोमीटर. आपल्याकडं तळं म्हटलं की काठावरून समोरचा काठ दिसतो, तसं हे नाही. पाणी इतकं स्वच्छ की आज राजधानी हेलसिंकीला प्यायचं पाणी याच तळ्यातून 120 किलोमीटरच्या बोगद्यानं नेतात.

लाऊरीची मासेमारी याच तळ्यावर चालायची. पद्धत कष्टाची. लांबच लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर लटकणारे गळ. असे जवळपास हजार गळ. प्रत्येक गळाला एक एक छोटा मासा आमिष म्हणून लावायचा. होडीला इंजिन वगैरे काही नाही, सगळं वल्ह्यांवर.

आता हिशोब करा. हजार गळांना लावायला हजार छोटे मासे लागणार. ते आधी पकडा. मग एकेक करून टोचा. दोरी पाण्यात सोडा. नंतर परत जाऊन उचला. जे आमिष खाल्लं गेलं ते बदला. दिवसातला मोठा वेळ मासे धरण्यात नाही, आमिषाच्या मागं पळण्यातच जायचा. आणि हातात पैसे यायचे ते शेवटी विकलेल्या माशांचेच.

टिकणारं आमिष बनवता आलं तर? पुन्हा पुन्हा वापरता येईल असं? प्रश्न साधा होता. लाऊरीसाठी तो घरातल्या चुलीचा प्रश्न होता.

कळपातला तो एक वेडावाकडा मासा

वल्ही मारता मारता लाऊरी पाण्यात बघत राहायचा. स्वच्छ पाण्यात खालचं सगळं दिसायचं. छोट्या माशांचे थवे फिरायचे आणि त्यांच्यावर पाईक, ट्राऊट, पर्च असे शिकारी मासे झडप घालायचे.

त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. शिकारी मासा थव्यात घुसला तरी तो कुठल्याही माशाला धरत नव्हता. समोर शेकडो मासे असताना तो नेमका एकालाच गाठायचा. आणि तो एक मासा बहुतेक वेळा थोडा वेगळा पोहणारा असायचा. जरा लंगडा, जरा डुलत डुलत, सरळ रेषेत न जाणारा. जखमी म्हणा, आजारी म्हणा.

आज प्राणिशास्त्र वाचणाऱ्यांना यामागचं कारण माहीत आहे. शेकडो सारखे मासे सारख्याच चालीनं वळत असले की शिकाऱ्याचा गोंधळ होतो, नजर एकावर टिकत नाही. थव्यानं राहण्याचा फायदा तोच. पण त्यातला एखादा वेगळा दिसला किंवा वेगळा हलला की नजर त्याच्यावर अडकते. शिवाय जखमी मासा धरायला कष्ट कमी. त्यात माशांच्या दोन्ही अंगांना पाण्यातली थरथर टिपणारी एक संवेदनशील रेषा असते. त्यामुळं एखादा मासा अडखळत पोहत असेल तर ते दिसण्याआधी जाणवतंसुद्धा.

लाऊरीनं यातलं काही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्याला तळ्यानं शिकवलं. आणि त्यानं त्यातून एक नेमका धडा घेतला. नकली मासा सुंदर पोहून चालणार नाही. तो थोडा बिघडल्यासारखा पोहला पाहिजे.

1936: बुचाचा मासा

मग सुरू झालं कोरणं. हत्यार काय, तर चामडं कापायची रापी आणि सँडपेपर. साहित्य काय, तर बाटलीला लावतात ते बूच, म्हणजे कॉर्क. कॉर्क हलकं असतं, तरंगतं आणि रापीनं सहज कापता येतं.

बरेच प्रयोग फसल्यानंतर 1936 मध्ये त्याच्या मनासारखा मासा तयार झाला. निमुळतं अंग. पाठ काळी, बाजू सोनेरी, पोट पांढरं.

आता माशाची चमक आणायची कशी? त्याचं उत्तर होतं चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी. आपण लहानपणी नखानं घासून गुळगुळीत करायचो आणि वहीत ठेवायचो ना, तीच. लाऊरीनं ती बुचाच्या अंगावर चिकटवली. खवल्यांसारखी चकाकी आली.

पण चांदी पाण्यात किती टिकणार? आणि पाईकसारख्या माशाचे दात म्हणजे सुयाच. वर काहीतरी कडक, पाणी न शोषणारं आवरण हवं. विकतचं लॅकर घ्यायला पैसे नव्हते. लाऊरीनं फोटोच्या जुन्या निगेटिव्ह घेतल्या, त्या वितळवल्या आणि तो थर माशावर चढवला.

ऐकायला जुगाड वाटतो, पण यामागं पक्कं रसायनशास्त्र आहे. त्या काळच्या बऱ्याच फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या असायच्या. फर्निचर आणि गाड्यांना चकाकी देणारं लॅकरही तेव्हा याच पदार्थापासून बनायचं. म्हणजे निगेटिव्ह म्हणजे एका अर्थानं सुकलेलं लॅकरच. फक्त हा पदार्थ भयंकर ज्वालाग्राही. जुन्या सिनेमांची कितीतरी रिळं याच कारणानं जळून गेली. त्यामुळं घरी कुणी हा प्रयोग करायला जाऊ नका.

डुलकी येते कुठून?

या माशाचा खरा जीव होता त्याच्या चालीत. अंगाचा आकार आणि तोंडाखाली तिरकी बसवलेली छोटी पट्टी, या दोन गोष्टींवर ती चाल ठरते. दोरी ओढली की समोरून येणारं पाणी त्या पट्टीवर आदळतं आणि माशाचं नाक खाली दाबतं. पाणी मग पट्टीच्या कधी डाव्या तर कधी उजव्या कडेनं निसटतं. त्यामुळं मासा डावी-उजवीकडं हेलकावे खातो. फिनिश भाषेत अशा आमिषाला वाप्पु म्हणतात, म्हणजे डुलत चालणारं.

अंग हलकं असल्यामुळं दोरी सैल सोडली की मासा वर तरंगतो, ओढली की खाली बुडी मारतो. ओढ, थांब, ओढ, थांब, असं केलं की पाण्यात हुबेहूब जखमी माशाची धडपड दिसते.

हे सगळं गणित मिलिमीटरवर चालतं. एका बाजूनं जरा जास्त सँडपेपर लागला की मासा कुशीवर वळतो. नाकातली तारेची कडी किंचित डावीकडं झुकली की मासा सरळ न जाता डावीकडं पळतो. मग पक्कड घेऊन कडी अगदी थोडी उजवीकडं वाकवायची आणि पुन्हा पाण्यात सोडून बघायचं. आजही गळ टाकणारे हौशी लोक आपला लूर असाच सरळ करतात.

लाऊरी प्रत्येक मासा पाण्यात ओढून बघायचा. चाल जमली नाही तर पुन्हा रापी, पुन्हा सँडपेपर. तळ्यावर उपाशी राहिलेल्या माणसाला हे कळत होतं की दिसायला चांगला पण नीट न डुलणारा मासा म्हणजे नुसतं लाकूड.

आणि निकाल? काही दिवशी या लूरवर 600 पौंड, म्हणजे जवळपास पावणेतीनशे किलो मासे मिळाले, असं सांगितलं जातं. आमिष टोचत बसायचं काम संपलं होतं. आसपासच्या गावांत बातमी पसरली आणि लोक लाऊरीकडं मासे नाही, त्याचे लाकडी मासे मागायला यायला लागले.

मग युद्ध आलं

धंदा मूळ धरतो न धरतो तोच 30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत रशियानं फिनलंडवर हल्ला केला. बर्फातली ती लढाई मार्च 1940 पर्यंत चालली. 1941 ते 1944 मध्ये दुसरी फेरी झाली. लाऊरीलाही गणवेश चढवावा लागला.

या काळातली एक गोष्ट फिनलंडमध्ये चवीनं सांगितली जाते. सैनिकांच्या जेवणासाठी मासे हवे होते आणि पाण्यात स्फोट करून मासे मारायचा बेत चालला होता. लाऊरीनं त्याऐवजी आपला लूर काढला आणि पोतं भरून मासे आणले. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेलही, पण त्याच्या आमिषाचं नाव किती झालं होतं ते यातून कळतं.

युद्धानंतर फिनलंडची अवस्था बिकट होती. काही प्रदेश हातचा गेलेला, वर रशियाला नुकसानभरपाई द्यायची. कॉर्कसारख्या परदेशी वस्तू मिळणं अवघड. पण जंगलात लाकूड आणि झाडांच्या साली भरपूर होत्या. हाताला येईल त्यातून मासे कोरणं सुरूच राहिलं.

आता लाऊरी एकटा नव्हता. मुलं मोठी होत होती. रेइयो, रिस्तो, एन्सिओ अशी त्याची मुलं बापाच्या शेजारी बसून कोरायला, घासायला, रंगवायला शिकली. घर हाच कारखाना. पुढं मुलांनी कामाला उपयोगी पडतील अशी छोटी यंत्रं जुळवली, त्यामुळं अंग कापायचं काम भराभर व्हायला लागलं. पण मासा पाण्यात ओढून बघायचं काम मात्र यंत्राकडं गेलं नाही.

ऑलिम्पिकच्या पाहुण्यांनी नेली भेट

1952 मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिक झालं. आपल्यासाठी या ऑलिम्पिकची आठवण खास आहे, कारण तिथंच आपल्या कराडजवळच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं.

त्या निमित्तानं जगभरातून खेळाडू, पत्रकार, प्रेक्षक फिनलंडमध्ये आले. परत जाताना इथली आठवण म्हणून काय न्यायचं? ज्यांना मासेमारीचा नाद होता, त्यांनी लाऊरीचे लाकडी मासे नेले. एकही जाहिरात न करता हा लूर शेजारच्या देशांत आणि थेट अमेरिकेतही पोचला.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्यांची कमी नाही आणि त्या भागात फिनलंड, स्वीडन, नॉर्वेहून आलेली कुटुंबंही पुष्कळ. 1959 मध्ये मिनेसोटाचा रॉन वेबर कॅनडात मासे धरायला गेला होता. मासेमारीचं सामान विकणं हा त्याचा व्यवसायच. पण त्या सहलीत सोबतच्या फिनिश वंशाच्या माणसाच्या गळाला मासे लागत राहिले आणि वेबरच्या गळाला काही लागेना. कारण होतं एक छोटा लाकडी मासा.

वेबरनं तो लूर शोधून काढला, वापरून बघितला आणि थेट फिनलंडला पत्र पाठवलं. मिनीॲपोलिसमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा रे ऑस्ट्रम त्याच्यासोबत आला. दोघांनी माल मागवायला सुरुवात केली. हीच पुढं नॉरमार्क कंपनी झाली.

इथं काळानंही साथ दिली. 11 सेंटिमीटर लांबीच्या या लूरचं वजन भरतं जेमतेम 6 ग्रॅम. लाऊरी तो चालत्या होडीमागं दोरीनं ओढायचा, त्यामुळं वजनाचा प्रश्न यायचा नाही. पण अमेरिकन माणसाला काठावरून लांब फेकायचा असतो. जुन्या जाड दोऱ्यांवर आणि जड चक्रांवर इतकं हलकं आमिष लांब गेलंच नसतं. युद्धानंतर बारीक नायलॉनचा दोरा आणि हलक्या आमिषांसाठीच्या नव्या रीळ बाजारात आल्या होत्या. 20 वर्षं आधी हा लूर अमेरिकेत आला असता तर कदाचित फारसं कुणी विचारलं नसतं.

मागणी आली आणि पेच पडला

आणि मग आला लाईफचा तो अंक. मर्लिनमुळं हातोहात गेलेल्या अंकानं लाऊरीचा मासा घरोघरी पोचवला. दुकानांत माल येताच संपायला लागला. काही ठिकाणी तर लूर विकत मिळेना म्हणून तो अनामत रक्कम घेऊन भाड्यानं दिला जायचा. मासा तोडून पळाला तर अनामत गेली. आपल्याकडं सायकल भाड्यानं मिळायची तसा हा मासा भाड्यानं मिळत होता.

आता खरा पेच फिनलंडमध्ये होता. लाखांनी मागणी आहे, पैसा दारात उभा आहे. सोपा रस्ता एकच. मासे धडाधड साच्यातून काढायचे, पाण्यातली परीक्षा बंद करायची आणि जहाजं भरून पाठवायची. तसं केलं असतं तर दोन-तीन वर्षं पैसा आला असता. पण न डुलणारा मासा एकदा घेतलेला माणूस पुन्हा घेतो का?

रापाला कुटुंबानं मधला रस्ता काढला. असिक्कालामधल्या वॅक्सी इथं मोठा कारखाना उभा केला. जिथं यंत्र चालेल तिथं यंत्र आणलं. लाकूडही बदललं. दक्षिण अमेरिकेतल्या बाल्सा झाडाचं लाकूड घेतलं, जे कॉर्कसारखंच हलकं आणि कोरायला मऊ. पण प्रत्येक लूर खोक्यात जाण्याआधी पाण्याच्या टाकीत ओढून बघायचा, चाल चुकली तर हातानं कडी वाकवून सुधारायची आणि मगच पुढं पाठवायचा, हा लाऊरीचा नियम त्यांनी सोडला नाही. कारखान्यात ओळीनं टाक्या आल्या आणि त्यांच्याशेजारी माणसं.

यामुळं गिऱ्हाइकांना वाट बघावी लागली. त्या टंचाईत नकला करणारेही उगवले. आकार तोच, रंग तोच. पण नक्कल करणारा दिसणं उचलतो, चाल उचलणं त्याला जमत नाही. तीस वर्षं पाण्यात डोळे घालून बसल्याशिवाय ती कळतच नाही.

लाऊरीनंतर

लाऊरी रापाला 1974 मध्ये वयाच्या 68 व्या वर्षी गेला. तेव्हा त्याचा मासा जगभरातल्या पाण्यात पोहत होता. ज्या माणसाचं आडनाव एका पाद्र्याच्या विसराळूपणातून आलं, ते आडनाव लूर या शब्दालाच पर्याय झालं होतं.

मुलांनी कंपनी पुढं नेली. 1998 मध्ये ती हेलसिंकीच्या शेअर बाजारात आली. त्यानंतर फ्रान्सची गळ बनवणारी व्हीएमसी सोबत आली, मग फिनलंडचीच सुऱ्या बनवणारी जुनी मार्तीनी कंपनीही. प्लॅस्टिकचे, आवाज करणारे, खोल बुडणारे, असे कितीतरी नवे लूर निघाले. भारतातही हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांमध्ये महसीर धरून परत पाण्यात सोडणारे हौशी लोक या कंपनीचे लूर वापरतात.

पण 1936 च्या त्या बुचाच्या माशाचा वंशज, मूळ तरंगणारा लूर, आजही विकला जातो. आकारही जवळपास तोच आणि चालही तीच. नव्या मालाच्या गर्दीत तो अजून टिकून आहे, कारण तळ्यातल्या माशांची सवय बदललेली नाही. त्यांना आजही थव्यातला तो एक अडखळणारा मासाच दिसतो.

लाऊरीच्या गोष्टीत जुगाडाचं कौतुक खूप होतं. रापी, चॉकलेटची चांदी, निगेटिव्ह, हे सगळं सांगायला मजेशीर आहे. पण चांदी आणि रापी त्या काळी कुणालाही मिळत होती. त्या तळ्यावर शेकडो लोक मासे धरत होते आणि तोच थवा सगळ्यांच्या होडीखालून जात होता. त्यातला लंगडणारा मासा नीट बघितला तो एका लाकूडतोड्यानं, आणि नंतर लाखांची मागणी आल्यावरही आपला प्रत्येक मासा नीट लंगडतोय ना, हे पाण्यात बघितल्याशिवाय त्यानं तो कुणाच्या हातात दिला नाही.